जुन्या वाड्याचा माग कसा काढावा: मिळकत पत्रिकेपासून मोडी कागदापर्यंत

वाड्याचा इतिहास शोधायचा म्हटले की बहुतेक जण थेट पुण्याच्या पुराभिलेखागाराची वाट धरतात आणि पेशवे दफ्तरात आपले आडनाव कुठे सापडेल ते विचारतात. तिथे कागद आडनावांवर लावलेले नाहीत. ते रुमालांत बांधलेले आहेत आणि बहुतेक मोडीत आहेत. माणूस हात हलवत परत येतो आणि शोध तिथेच थांबतो.

चूक दिशेची असते. वाड्याचा शोध आजपासून मागे घ्यायचा, एकही दुवा न गाळता. आणि जागा आधी, माणसे नंतर. जागेचा मालक कोण होता आणि त्या जागेत कोण राहत होते हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची उत्तरे वेगळ्या कार्यालयांत आहेत. दोन्ही एकत्र केले की गुंता होतो.

इथे दिलेला क्रम पुणे, सातारा, नाशिक, नगर अशा जुन्या मुंबई इलाख्यातल्या पेठांना आणि गावठाणांना लागू पडतो. विदर्भात नझूलच्या, म्हणजे शहरातल्या सरकारी जमिनींच्या, नोंदी पाहाव्या लागतात, मराठवाड्यात निजामकाळचे कागद उर्दूत निघतात आणि गोव्यात १९६१ पूर्वीची नोंदणी पोर्तुगीजमध्ये आहे. शोधाची शिस्त मात्र सगळीकडे हीच.

## टप्पा १: आधी घरातले कागद बाहेर काढा

सरकारी कार्यालयात जाण्यापूर्वी माळ्यावरची ट्रंक, देवघराखालचा कप्पा आणि घरच्या वकिलांकडे राहून गेलेली फाइल पाहा. घरपट्टीची सापडेल ती सर्वात जुनी पावती, खरेदीखत, वाटणीपत्र, सनद, भाडेपावत्या, कोर्टाची समन्स, पत्ता लिहिलेली पोस्टकार्डे, सगळे एका जागी आणा. घरावर कधी बँकेचे कर्ज काढले असेल तर तेव्हा वकिलाने दिलेला सर्च रिपोर्ट नक्की शोधा. त्यात साधारण ३० वर्षांचे व्यवहार आयते मिळतात.

प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. मुद्रांकाच्या पाठीवर विक्रेत्याने मुद्रांक कोणाला, कुठे, कोणत्या तारखेला विकला ते लिहिलेले असते, आणि नोंदणीचे शिक्केही पुष्कळदा पाठीवरच असतात. पुढची बाजू फाटली तरी पाठीवरचा दस्त क्रमांक आणि वर्ष वाचता आले तर पुढचे काम होते.

सावधान: कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. दोन्हींनी कागद कायमचा बिघडतो. घडी उलगडताना तुटत असेल तर तसाच ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

घरात किंवा आळीत कोणी फार वयस्कर असेल तर त्यांच्याशी आत्ताच एकदा बोलून घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. प्रश्न मोघम नकोत. "इथे पूर्वी कोण राहायचे?" यापेक्षा "दिंडी दरवाजातून आत आल्यावर डाव्या हाताच्या खोलीत कोण होते?" असे विचारले की नावे निघतात. दुसरी, मोठी बैठक नंतर, हातात कागदावरची नावे आल्यावर.

## टप्पा २: वाड्याचे सगळे नंबर एका कागदावर लिहा

सगळ्यात जास्त शोध इथे फसतात. एका वाड्याला एकाच वेळी चार-पाच नंबर असतात: नगर भूमापन क्रमांक, म्हणजे सिटी सर्व्हे नंबर; तो ज्या शीटवर आहे तिचा नंबर; महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा घर क्रमांक; त्याच्याही आधीचा जुना घर क्रमांक; आणि घरपट्टीचा मिळकत क्रमांक. गावात असाल तर ग्रामपंचायतीचा मिळकत क्रमांक वेगळाच.

लोक पाटीवरचा घर क्रमांक घेऊन सिटी सर्व्हेत जातात आणि भलत्याच मिळकतीची पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, घेऊन येतात. पेठेचे नाव तेच, आकडा तोच, म्हणून संशयही येत नाही. मग दुसऱ्याच घराण्याचा इतिहास आपल्या भिंतींना चिकटतो.

हे टाळायला पत्रिकेसोबत नगर भूमापन नकाशाची नक्कलही मागा आणि नकाशा हातात धरून वाड्याभोवती फिरा. गल्लीचे वळण, बोळ, सामाईक भिंत, परसाची बाजू नकाशाशी जुळली पाहिजे. डाव्या, उजव्या आणि मागच्या शेजाऱ्यांचे सर्व्हे नंबरही टिपून ठेवा. टप्पा ४ आणि ५ मध्ये त्यांचा मोठा उपयोग होतो.

तपासा: आजचा एक नंबर म्हणजे पूर्वीचा एक वाडा, असे गृहीत धरू नका. वाटणीनंतर एकाच वाड्याचे क्रमांक १, २, ३ असे पोटहिस्से पडतात, किंवा दोन घरे एकत्र होऊन एक मिळकत बनते. पुढे जाण्याआधी पोटहिस्से विचारून घ्या.

## टप्पा ३: मिळकत पत्रिका खालून वर वाचा

आजची पत्रिका महाभूलेखच्या संकेतस्थळावर दिसते. पण तिच्यावर थांबू नका. नगर भूमापन कार्यालयात, तालुक्याला असाल तर उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे, अर्ज करून जुन्या हस्तलिखित मिळकत पत्रिकेची प्रमाणित नक्कल मागा. अर्जात हे शब्द स्पष्ट लिहा, नाहीतर संगणकाची प्रत हातात पडते.

फरक का पडतो ते सांगतो. हस्तलिखित पत्रिकेवर धारक बदलला की जुन्या नावाला कंस करतात आणि त्याखाली नवे नाव लिहितात. कंसातले नाव वाचता येते. पत्रिका फाटली किंवा भरली म्हणून नव्याने लिहिली जाते, तेव्हा पुष्कळदा चालू नावेच पुढे येतात आणि कंसातली मागे राहतात. ती कंसातली नावे हेच आपले साहित्य.

पत्रिकेच्या वरच्या भागात क्षेत्र, धारणाधिकार (जागा कोणत्या हक्काने धरली आहे तो प्रकार) आणि हक्काचा मूळ धारक असतो. खालच्या तक्त्यात दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक, नवीन धारक किंवा भार (मिळकतीवरचे कर्ज, बोजा) आणि साक्षांकन. तुम्ही तळापासून सुरू करा आणि प्रत्येक नोंदीला तीन गोष्टी विचारा: नाव का बदलले (खरेदी, वारस, वाटप, बक्षीस, कोर्टाचा हुकूम), कशाच्या आधारे बदलले, आणि तो आधार कुठल्या कार्यालयात आहे. "खरेदीखत दस्त क्र. अमुक, दि. अमुक" असे लिहिले असेल तर पुढच्या टप्प्याची किल्ली मिळाली. वारस नोंद असेल तर त्या नोंदीच्या अर्जाची आणि जबाबाची नक्कल मागा. त्यात सगळ्या वारसांची नावे आणि मृत्यूची तारीख सापडते.

सावधान: नोंदीची तारीख म्हणजे घटनेची तारीख नव्हे. वडील वारल्यावर वीस-वीस वर्षे नाव न बदललेली घरे प्रत्येक पेठेत आहेत. पत्रिकेवरच्या तारखेला मालक जिवंत होता असे लिहून टाकू नका.

जुन्या नोंदींतले छोटे शब्द समजून घ्या. "गोविंद बिन रामचंद्र" म्हणजे रामचंद्राचा मुलगा गोविंद. "कोम" म्हणजे अमक्याची बायको. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. एकट्याचे नाव दिसले तरी मागे चार भाऊ असू शकतात. "अ.पा.क." म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता, तिथे मालक लहान मूल आहे आणि नाव आईचे किंवा चुलत्याचे आहे. ही अक्षरे गाळून वाचली की वंशावळ चुकते, आणि ती चूक पुढे दुरुस्त होणे अवघड.

गावात घर असेल तर: बऱ्याच छोट्या गावठाणांचे नगर भूमापन पूर्वी झालेलेच नव्हते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून ज्या पत्रिका दिल्या, त्या आजचा ताबा दाखवतात. मागचा इतिहास त्यांत नाही. इथे ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे आकारणी नोंदवही, हाच कणा. जितक्या जुन्या वह्या ग्रामपंचायतीत असतील तितक्या मागे जा. सातबारा मागू नका; तो शेतजमिनीचा उतारा आहे, गावठाणातल्या घराला तो नसतो.

## टप्पा ४: चौकशी नोंदवही विसरू नका

गावठाणाचे पहिले नगर भूमापन झाले तेव्हा चौकशी अधिकाऱ्याने प्रत्येक घराच्या मालकाला बोलावून हक्क विचारला, कागद पाहिले आणि निर्णय लिहिला. ती ही नोंदवही. पत्रिकेवर फक्त "मूळ धारक" म्हणून एक नाव येते. त्या नावामागचे कारण इथे सापडते. वडिलोपार्जित वहिवाट, अमक्या सालचे खरेदीखत, किंवा भाऊबंदांची हरकत आणि तिचा निकाल. बहुतेक शोधकर्ते ही वही मागतच नाहीत, कारण तिचे नावच त्यांना माहीत नसते.

आपल्या नंबरची नक्कल मिळाली की शेजारच्या दोन-तीन नंबरांच्याही नोंदी पाहा. शेजाऱ्याच्या जबाबात "पूर्वेस अमक्याचा वाडा" असे येते आणि आपल्या वाड्याचे त्या वेळचे चालू नाव तिथे मिळते.

## टप्पा ५: नोंदणीकृत दस्तांची साखळी

आता दुय्यम निबंधकांचे कार्यालय. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ५७ नुसार स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक १ आणि त्याची सूची फी भरून कोणालाही पाहता येते. तुम्ही मालक असण्याची गरज नाही. कोणी नाही म्हटले तर कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या. मृत्युपत्रांचे पुस्तक क्रमांक ३ वेगळे: मृत्युपत्र करणाऱ्याच्या हयातीत त्याची नक्कल इतरांना मिळत नाही, मृत्यूनंतर मिळते.

ऑनलाइन शोधात अलीकडच्या काळातलेच दस्त येतात. त्याआधीच्या हस्तलिखित सूची कार्यालयात बसून पाहाव्या लागतात. सूची १ पक्षकारांच्या नावाची, सूची २ मिळकतीची. नाव माहीत असेल तर सूची १ पटकन होते. फार जुनी पुस्तके जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात हलवलेली असतात; कुठल्या सालापर्यंतची कुठे आहेत हे आधी विचारा, म्हणजे फेरी वाया जात नाही.

दस्त हाती आला की तीन ठिकाणे सावकाश वाचा.

पहिले, मालकी कशी आली ते सांगणारा मजकूर. "सदर मिळकत आम्ही अमक्याकडून अमक्या तारखेच्या खरेदीखताने घेतली" असे वाक्य असते. म्हणजे प्रत्येक दस्त आपल्या आधीच्या दस्ताचा पत्ता देतो. त्याला धरून मागे जा. "वडिलोपार्जित" एवढेच लिहिले असेल तर दस्तांची साखळी तिथे थांबते आणि वाटणीपत्रांकडे वळावे लागते.

दुसरे, चतुःसीमा. समजा १९३० च्या दस्तात लिहिले आहे: पूर्वेस सरकारी रस्ता, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस अमक्यांचे घर, उत्तरेस सामाईक भिंत. १९५५ च्या दस्तात पूर्वेस रस्ता तोच, पण पश्चिमेस "याच मिळकतीचा राहिलेला भाग". याचा अर्थ मधल्या काळात मागचे घर याच मालकाने घेतले किंवा वाडा विभागून विकला. ही फोड फक्त चतुःसीमेतून कळते. प्रत्येक दस्ताच्या चारी बाजू एका तक्त्यात उतरवा. एखादी बाजू अचानक बदललेली दिसली की मधला एखादा दस्त तुमच्या हातून निसटलेला आहे.

तिसरे, वर्णन. वाटणीपत्र मिळाले तर ते सर्वात श्रीमंत कागद समजा. "थोरल्याकडे पूर्वेचा सोपा व त्यावरील माडी, धाकट्याकडे माजघराचे तीन खण, आड व येण्याजाण्याचा रस्ता सामाईक" अशा ओळींतून वाड्याचा आराखडा उभा राहतो. चौक बुजवलेला, बळद (धान्य साठवण्याची जागा) काढून टाकलेले, जिना हलवलेला, सगळे त्यातून समजते.

सावधान: मुदतखरेदी म्हणजे विक्री नव्हे, असे धरून चाला. ठराविक मुदतीत पैसे फेडले की मिळकत परत, असा तो बहुधा कर्जाचा व्यवहार असतो आणि घरात राहणारे कुटुंब तेच राहते. सावकाराचे नाव "मालक" म्हणून यादीत घालण्याची चूक फार सर्रास होते. नंतरच्या काळात परतखरेदी किंवा फेडीची नोंद आहे का ते पाहा.

साखळी तुटली असेल तर दिवाणी न्यायालयाकडे वळा. वाटणीच्या दाव्याच्या अर्जात पक्षकारांची वंशावळ जोडलेली असते, आणि अशा दाव्याचा उल्लेख मिळकत पत्रिकेवर "कोर्टाच्या हुकमाप्रमाणे" असा येतो. दाव्याचा क्रमांक आणि साल तिथूनच घ्या.

## टप्पा ६: मालक झाले, आता राहणारे

वाड्यांत मालकापेक्षा भाडेकरू जास्त असत. ते मिळकत पत्रिकेवर कुठेही नाहीत. त्यांच्यासाठी स्रोत बदला.

घरपट्टीच्या जुन्या आकारणी नोंदीत मालकाशेजारी भोगवटादाराचा रकाना असतो. कुठल्या खोलीत कोण, भाडे किती, हे तिथे दिसते. मिळकत कर विभागात जुन्या वह्या आहेत का विचारा. नकार मिळाला तर माहिती अधिकारात अर्ज करा. २० वर्षांपेक्षा जुन्या माहितीला कलम ८(३) मुळे नकाराची बहुतेक कारणे लागू होत नाहीत.

मतदार याद्या घर क्रमांकानुसार असतात, त्यामुळे एका वाड्यात एका वर्षी कोणकोण प्रौढ होते ते एकत्र दिसते. इथे टप्पा २ मधले नंबर पुन्हा लागतात. आळीतल्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहायला मिळाले तर "मागील शाळा" हा रकाना वाचा. कुटुंब कुठून आले ते त्यावरून कळते. गावात गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, जन्म-मृत्यू सांगतो. पण त्यात घर क्रमांक बहुधा नसतो. त्यामुळे तो माणसाच्या तारखेचा पुरावा आहे, वाड्यात राहण्याचा नाही.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांनी स्वतःची, वडील-आजोबांची, भावंडांची नावे लिहून ठेवलेली असतात. तिथे गाव आणि आडनाव सांगावे लागते. नावांसाठी हा स्रोत उत्तम, घरासाठी निरुपयोगी.

सावधान: परदेशी मार्गदर्शकांत "जनगणनेचे फॉर्म पाहा" असा सल्ला असतो. तो इथे लागू नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीच्या नोंदी गोपनीय आहेत. त्यात वेळ घालवू नका.

नावे एकदम बदललेली दिसली तर त्या सालाकडे नीट पाहा. पुण्यात १८९६-९७ च्या प्लेगने पेठा रिकाम्या झाल्या. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीने पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक ब्राह्मण कुटुंबांनी गावे सोडली. १९५७ नंतर कूळ कायद्याने कुळांना जमिनी गेल्या आणि वाडे विकले गेले. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतली घरे आणि कागद दोन्ही नेले. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पाटण भागात. पण कारण चिकटवण्याआधी पुरावा शोधा: साल जुळले म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही.

आता वयस्करांशी दुसरी बैठक करा. हातात नावांची यादी असली की आठवण जागी होते, आणि कोण कोणाचा जावई, कोण दत्तक, हे कागदात नसलेले दुवे भरून निघतात. माहेर-सासरच्या नावांची गाठ फक्त इथेच सुटते.

## टप्पा ७: मोडी आणि तारखा

सनद, इनामपत्र किंवा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला दस्त मोडीत निघेल. वाचक गाठण्याआधी आपण तारीख काढून ठेवावी, म्हणजे कागद कुठल्या काळातला ते कळते.

शके साल असेल तर ७८ मिळवा. पौष-माघ-फाल्गुनातली तारीख असेल तर बहुधा ७९. शके १८०० म्हणजे १८७८-७९. फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सालात, ५९० मिळवा: फसली १३५० म्हणजे १९४०-४१. पेशवाईतल्या कागदावर सुहूर सन अरबी शब्दांत येतो, त्यात ५९९ मिळवा. "इसन्ने सितैन मया व अलफ" म्हणजे दोन, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६२; इसवी सन १७६१-६२. फसली आणि सुहूर वर्षे मृगाच्या सुमारास बदलतात, म्हणून ती नेहमी दोन इसवी सालांत विभागली जातात. एकच साल लिहून मोकळे होऊ नका.

तपासा: कागदावर संवत्सराचे, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचे, नाव असेल तर ते शके सालाशी पडताळा. शके १८०० ला बहुधान्य संवत्सर येते. जुळले नाही तर आकडा चुकीचा वाचला गेला आहे.

पुराभिलेखागारात जायची वेळ आत्ता येते, जेव्हा तुमच्याकडे गाव, अंदाजे साल आणि मूळ धारकाचे पूर्ण नाव आहे. इनामाचा संबंध असेल तर तसे आधीच सांगा. मोडी लिप्यंतर करून घेताना मूळ ओळीखाली देवनागरी ओळ, असे मागा. नुसता सारांश घेऊ नका. सारांशात शंकास्पद अक्षरे लपतात.

## टप्पा ८: वास्तूचा पुरावा, पण दुय्यम म्हणून

कौल उलटे करून छाप वाचा. बासेल मिशन या युरोपीय मिशनरी संस्थेचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. ते कौल त्याआधीचे असू शकत नाही. पण कौल बदलतात आणि जुने कौल दुसऱ्या घरावर चढते. लोखंडी तुळईवरचा कारखान्याचा शिक्काही असाच: तुळई कधीची ते कळेल, वाडा कधीचा ते नाही.

## टप्पा ९: नोंदी जुळवा आणि लिहा

एक तक्ता करा: साल, घटना, मालक, राहणारे, आधार (कार्यालय, क्रमांक, पान), आणि खात्री. खात्रीच्या रकान्यात तीनच शब्द वापरा: कागद, आठवण, अंदाज. आठवण आणि कागद भांडले तर दोन्ही लिहा, एकाला खोडू नका. जिथे काही मिळाले नाही ती ओळ रिकामी ठेवा. ऐकीव कथेने ती भरली की पुढचा शोधणारा तिला पुरावा समजतो.

लेखन इतरांना दाखवण्याआधी जिवंत व्यक्तींची नावे, भाऊबंदांचे चालू दावे, दत्तक आणि जातीचे रकाने यांकडे पुन्हा एकदा पाहा. जुन्या नोंदींत जात लिहिलेली असतेच. माजी भाडेकरूंच्या नातवंडांना विचारल्याशिवाय ती छापू नये. तक्त्याची एक प्रत आणि नकलांचे स्कॅन वाड्याबाहेर, दुसऱ्या घरी ठेवा, आणि ज्या कुटुंबांची नावे सापडली त्यांनाही त्यांच्या नोंदी पाठवा. त्यांच्या ट्रंकेत तुमच्या वाड्याचे कागद असण्याची शक्यता चांगलीच असते.